पॉवर व्हीलचेअरला सेन्सर बसवून चालवून बघितलं, त्याचा अनुभव

माझी मानेची दुखापत आहे, सी-५ सी-६ लेव्हलची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी. खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत आणि छातीखाली ना हालचाल ना स्पर्श. पॉवर व्हीलचेअर चालवते ती यू आकाराच्या हँडलनं, जॉयस्टिकचा नेहमीचा गोळा काढून तो यू बसवलाय, त्यात हात अडकवला की मनगटानं ढकलता येतं. पुढे जाणं तसं जमतं. खरा त्रास मागे यायचा. मानेत प्लेट आहे, धडावर ताबा नाही, त्यामुळे वळून मागे बघणं हा प्रकारच नाही माझ्या आयुष्यात. रिव्हर्स घ्यायची म्हणजे आधी "आई, मागे कोणी आहे का" म्हणून ओरडायचं, मग आई किचनमधून हात पुसत येणार, मग "ये ये, थांब, थांब, आता डावीकडे". दिवसातून कितीदा होत असेल हे, मोजायला कोण बसलंय. स्वतः चालवायची खुर्ची असून प्रत्येक वेळी दुसऱ्याला हाक मारावी लागते हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं.

तर आमच्या ओटी मॅडमनी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, एक दिवस फोन करून विचारलं की शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची फायनल इयरची पोरं व्हीलचेअरसाठी सेन्सरचा सेट बनवून राहिली आहेत, त्यांना रोज खुर्ची वापरणारं माणूस पाहिजे टेस्टिंगला, तू करशील का. मी हो म्हटलं पण दोन अटी घातल्या. एक म्हणजे टेस्ट माझ्याच खुर्चीवर करायची, कारण माझं बसणं, गादी, छातीचा पट्टा सगळं तिच्यावर सेट आहे, दुसऱ्या खुर्चीवर मी तासभर बसले तर प्रेशर सोअरची, म्हणजे कातडी दबून जखम व्हायची भीती. दुसरी म्हणजे कॉलेजच्या कॉरिडॉरनंतर माझ्या घरात आणि माझ्या गल्लीत पण टेस्ट झाली पाहिजे. मी राहते नागपुरात, प्रताप नगरच्या मागच्या बाजूला, जुनी वस्ती, आणि खुर्ची चालवायची असते ती तिथे.

संमतीपत्र इंग्लिशमध्ये आलं होतं, मी म्हटलं मराठीत द्या, आईला पण वाचता आलं पाहिजे. दिलं त्यांनी करून. त्यात कुठल्याही क्षणी टेस्ट थांबवता येईल असं होतं आणि खुर्चीच्या मागे एक मोठं लाल इमर्जन्सी बटण लावणार असं होतं. मी म्हटलं मागे लावलं तर ते तुमचं बटण झालं, माझं कुठे आहे? तिथून सगळी चर्चा सुरू झाली आणि खरं सांगायचं तर मला जे काही म्हणायचंय ते या एका प्रश्नातच आहे.

आधी सेट काय होता ते सांगते. खुर्चीत दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, मिळून २४ व्होल्ट, जॉयस्टिकपासून सिग्नल कंट्रोलरला जातो आणि तो मोटर फिरवतो. जॉयस्टिक सोडली की इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक टक करून लागतो. पोरांनी जॉयस्टिक आणि कंट्रोलरच्या मध्ये स्वतःचा एक छोटा बोर्ड घातला. मी जेवढं ढकलते ते आधी बोर्डकडे जातं, बोर्ड सेन्सरचं ऐकतो आणि समोर काही असेल तर सिग्नल कमी करून पुढे पाठवतो. म्हणजे खुर्ची स्वतःहून कुठे जात नाही, मी नेते तिकडेच जाते, फक्त वेग कमी होतो किंवा थांबते. सेन्सर तीन प्रकारचे. चारी बाजूंनी अल्ट्रासॉनिक, जे आवाजाची लाट सोडतात आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात, एक मीटरवरच्या वस्तूसाठी जाऊन येऊन साधारण ६ मिलिसेकंद. सगळे एकदम वाजले तर एकाचा आवाज दुसरा ऐकतो म्हणून त्यांना पाळीपाळीनं सोडावं लागतं. समोर एक डेप्थ कॅमेरा, म्हणजे समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजणारा. आणि पायाजवळ खाली बघणारे इन्फ्रारेड सेन्सर, खड्डा किंवा पायरीची कड ओळखायला.

ही कल्पना नवीन नाही हे पण त्यांनी सांगितलं. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत १९९० च्या दशकात नॅव्हचेअर नावाची खुर्ची केली होती, त्यात पण अल्ट्रासॉनिकच होते, आणि दारातून जायचा मोड वेगळा ठेवावा लागला होता, कारण अडथळ्यापासून लांब राहा असं शिकवलेली खुर्ची दाराच्या दोन्ही चौकटींना अडथळाच समजते. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण पुढे आमच्या घरी नेमकं तेच झालं. आता बाहेर तयार सेट मिळतात. लुसी नावाचा अमेरिकेतला सेट बॅरी डीन आणि जेरेड डीन या दोन भावांनी काढला, बॅरीची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे पॉवर चेअर वापरते म्हणून. कॅनडात टोरांटोला पूजा विश्वनाथन यांची ब्रेझ मोबिलिटी आहे, ते ब्लाइंड स्पॉटचे, म्हणजे बसलेल्याला न दिसणाऱ्या जागेचे सेन्सर देतात, ते खुर्ची थांबवत नाहीत, लाइट, आवाज किंवा कंपनानं फक्त सांगतात. हा फरक लक्षात ठेवा, एक थांबवणारा आणि एक सांगणारा. आमच्या पोरांच्या सेटमध्ये दोन्ही होतं.

कॉलेजमधली टेस्ट मी लवकर संपवते कारण तिथे शिकण्यासारखं कमी होतं. आधी त्यांनी खुर्चीवर वाळूच्या गोण्या ठेवून चालवली, मग स्वतः बसले, मग मी. गुळगुळीत फरशी, सरळ भिंती, खोक्यांमधून नागमोडी जायचं. ओटी मॅडम कागद घेऊन मार्क देत होत्या, कॅनडातल्या डलहौजी युनिव्हर्सिटीची व्हीलचेअर स्किल्स टेस्ट आहे त्यावरून त्यांनी यादी केली होती, पुढे जाणं, मागे येणं, जागेवर वळणं, दार, उतार असं. सगळं छान झालं. पोरं खूश, सर खूश.

एक गोष्ट मात्र तिथेच निघाली आणि ती मोठी होती. कंपनाचे मोटर त्यांनी सीटच्या गादीत बसवले होते, कारमध्ये कुठेतरी तसं असतं म्हणून. डावीकडे अडथळा तर डावी मांडी थरथरणार. एक जण मोठ्या उत्साहानं विचारतो, "ताई, जाणवलं का?" मी म्हटलं दादा, मला छातीखाली काहीच जाणवत नाही. आणि नुसतं जाणवत नाही एवढंच नाही, गादीत कडक वस्तू असणं हेच माझ्यासाठी धोक्याचं, तिथे कातडी दबली तर मला कळणार नाही आणि जखम भरायला महिने जातात. शिवाय पायाला कंपन लागलं तर स्पाझम येतो, पाय ताठ होऊन फूटप्लेटवरून उडतात. पोरांचे चेहरे उतरले. पण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं तर कळणार कुठून, म्हणून टेस्टिंगला माझ्यासारखं माणूस लागतं, आणि ते प्रोजेक्ट संपताना नाही तर सुरू होताना लागतं. मग ओटी मॅडमनी कापसाचा बोळा घेऊन माझ्या हातावरून खांद्यावरून फिरवला आणि मला स्पर्श नीट कुठे कळतो ते त्यांना दाखवलं, खांदे आणि हाताची अंगठ्याकडची बाजू. शेवटी मोटर गेले दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यावर. डावा खांदा म्हणजे मागून डावीकडे काहीतरी, उजवा म्हणजे उजवीकडे, जवळ येईल तसं जोरात. दहा मिनिटांत सवय झाली.

मग घर.

घरी पहिल्या खोलीतून आतल्या खोलीत जाताना दाराला पडदा आहे, साधा कापडी. माणूस हातानं सारतो, मी खुर्चीनंच ढकलून जाते, इतकी वर्षं तसंच. खुर्ची पडद्यापाशी जाऊन उभी. कापड आवाज गिळतं त्यामुळे अल्ट्रासॉनिकला पडदा धड दिसतच नव्हता, पण कॅमेऱ्याला ती भिंत दिसत होती, आणि दोघांचं पटलं नाही तर बोर्ड थांबायचं ठरवतो असं प्रोग्रॅममध्ये होतं. मी ढकलून राहिली आणि खुर्ची ढिम्म.

बाथरूमचं दार ७० सेंटिमीटर, खुर्ची ६२. दोन्हीकडे मिळून आठ सेंटिमीटर उरतात. सरकारच्या गाइडलाइनमध्ये दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर सांगितली आहे, पण आमचं घर बांधलं तेव्हा हे कोणाच्या डोक्यात होतं. तिथे आम्ही थांबायचं अंतर कमी करत करत गेलो आणि शेवटी नॅव्हचेअरवाल्यांनी केलं तेच केलं, दारासाठी वेगळा मोड, ज्यात खुर्ची अगदी सावकाश चालते आणि बाजूच्या सेन्सरचं न ऐकता फक्त समोरचं बघते.

आणि कूलर. नागपुरात एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय घर नाही, आणि कूलर म्हटलं की खाली थोडं तरी पाणी सांडलेलं असतंच. खाली बघणारे इन्फ्रारेड सेन्सर त्या पाण्यावर आले की किरण आरशासारखे दुसरीकडेच जायचे, परत काही यायचंच नाही, आणि परत काही आलं नाही म्हणजे खाली जमीन नाही असा हिशोब. हॉलच्या मधोमध खुर्ची खड्डा समजून थांबली. आई म्हणाली, "अवं, पाणी हाय ते, पुसून देऊ का?" तिने फडकं मारलं आणि खुर्ची चालली. पोरांनी ते लगेच लिहून घेतलं. बाहेरच्या उन्हाचं पण तसंच, डेप्थ कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतो आणि सूर्याच्या उजेडात इन्फ्रारेड इतकं असतं की त्याला स्वतःचं काही दिसत नाही. तसंही दुपारी मी बाहेर जाऊ शकत नाही, आमच्यासारख्यांना दुखापतीच्या खाली घाम येत नाही त्यामुळे अंग तापतच जातं, ४५ डिग्रीत तर विषयच नाही. सगळ्या बाहेरच्या टेस्ट सकाळी उन्हं चढायच्या आत केल्या.

आता ब्रेकचं. खुर्चीचा टॉप स्पीड ताशी ६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या वर. सेन्सरनं बघून बोर्डनं ठरवून मोटर थांबेपर्यंत अर्धा सेकंद गेला तरी खुर्ची ८० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे पोरांनी आधी एकदम कचकन थांबायचं ठेवलं होतं, त्यांच्या दृष्टीनं तेच सेफ. पण माझं धड माझ्या ताब्यात नाही, खुर्ची कचकन थांबली की मी छातीच्या पट्ट्यावर लटकते, डोकं पुढे जातं आणि पायात स्पाझम. वस्तूला धडकणं टळलं पण माणसाला धक्का बसलाच ना. गोण्यांनी टेस्ट केली तेव्हा हे कळलं नाही कारण गोणी तक्रार करत नाही. मग त्यांनी अडथळा दीड मीटर लांब असतानाच वेग हळूहळू कमी करायचं केलं, आणि एकदम ब्रेक फक्त खालच्या कडेसाठी ठेवला, तिथे पडण्यापेक्षा धक्का परवडला.

खरी परीक्षा फाटकाबाहेर. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला तेव्हा जुन्या डांबरी रोडवरच थर चढवला आणि रोड घरापेक्षा नऊ इंच वर गेला. नागपुरात कितीतरी वस्त्यांत हेच आहे, पावसाचं पाणी घरात येतं ते वेगळंच. नियमाप्रमाणे रॅम्प एकास बारा पाहिजे, नऊ इंच चढायला नऊ फूट लांबी, आणि फाटकाच्या आत जागा आहे पाच फूट. त्यामुळे माझा रॅम्प उभाच आहे. वर चढताना कॅमेऱ्याला समोरचा रॅम्पच भिंत वाटायचा. उतरताना खाली सपाट अंगण लागतं तिथे पुढच्या सेन्सरची लाट जमिनीवर आपटून परत यायची आणि खुर्ची उतारावर मध्येच थांबायची. चढावर मध्येच थांबणं म्हणजे मागे कलंडायची भीती. एकदा अशी थांबली आणि मी हँडल ढकलतेय, काही होत नाही, लाइट नाही, आवाज नाही, खुर्ची काऊन थांबली हे सांगायला काहीच नाही. मागे धरायला भाऊ होता म्हणून निभावलं, पण त्या वेळी जो जीव घाबरा झाला तो मी विसरणार नाही. खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत. मी चालायचं म्हटल्यावर पायांनी न सांगता नकार दिला तर मी कोणावर भरवसा ठेवायचा?

त्या दिवशी अंगणात बसून आम्ही दोन तास बोललो, आईनं सगळ्यांना पोहे दिले. मी त्यांना एकच गोष्ट परत परत सांगितली की अडथळा आहे की नाही हे मशीन ओळखेल, पण जायचं की नाही हे मी ठरवणार. पडदा आहे, मला माहिती आहे, मला जायचंय. टेबलाखाली पाय घालायचे आहेत, टेबलाला अगदी चिकटूनच जायचंय, नाहीतर ताट हाताला येत नाही. कुत्रं आडवं झोपलंय, मी हळूहळू गेले की ते उठतं हे मला माहिती आहे, सेन्सरला नाही. पोरांपैकी एक जण म्हणाला, "पण ताई, तुम्हाला काही झालं तर आमच्यावर येईल." त्याचं पण खरं होतं, त्याची काळजी मी नाकारत नाही. पण चालणाऱ्या माणसाला ठेच लागू शकते म्हणून आपण त्याचे पाय बांधत नाही.

त्यातून तीन बदल झाले. थांबली तर लगेच खांद्यावर वेगळ्या प्रकारचं कंपन आणि जॉयस्टिकजवळ लाइट, कुठल्या बाजूमुळे थांबली ते दाखवणारा. उतार ओळखायला एक टिल्ट सेन्सर, खुर्ची कललेली असली की पुढचं थांबवणं बंद, फक्त सांगणं चालू. आणि माझ्या उजव्या कोपराजवळ एक मोठं चपटं बटण, कोपरानं दाबलं की जेवढा वेळ दाबलंय तेवढा वेळ बोर्ड मध्ये पडत नाही, खुर्ची पूर्ण माझी, फक्त वेग कमी. हे बटण आल्यावर मला तो सेट पहिल्यांदा आपला वाटला. आणि गंमत म्हणजे बटण आहे म्हटल्यावर ते दाबायची गरज कमी वाटायला लागली, कारण भीती गेली.

मागच्या सेन्सरबद्दल शेवटी लिहितेय पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं तेच आहे. मागे थांबवणं आम्ही ठेवलंच नाही, फक्त खांद्यावरचं कंपन. रिव्हर्स घेताना पुढची छोटी चाकं आधी गोल फिरतात आणि खुर्चीचं तोंड एका बाजूला फेकलं जातं, त्यामुळे सरळ मागे जाणं तसंही अवघड, आणि आता कुठल्या बाजूला किती जागा आहे हे खांदे सांगायला लागले. बहिणीचं रांगतं लेकरू घरी आलं होतं, ते कधी मागे येऊन बसेल नेम नाही, एरवी ते घरात असताना मी खुर्ची हलवतच नव्हते. त्या आठवड्यात हलवली. दोन्ही खांदे एकदम थरथरले की थांबायचं, कोणाला तरी बोलवायचं, उगाच अंदाज नाही. सुभाष नगर मेट्रो स्टेशनला गेलो तेव्हा लिफ्टमध्ये सरळ आत गेले आणि उलटी बाहेर आले, लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा असला तर तो बघत येता येतं, पण आत माणसं उभी असली की आरसा झाकला जातो. खांद्यांना माणसं आडवी येत नाहीत. आई सोबत होती, सवयीनं "थांब थांब" म्हणायला गेली आणि तोपर्यंत मी बाहेर.

एक गोष्ट मी पोरांना रिपोर्टमध्ये लिहायलाच लावली. सेन्सर आले म्हणजे रॅम्प आणि दारं नीट करायची गरज नाही असं कोणाला वाटायला नको. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरींच्या केसमध्ये नोव्हेंबर २०२४ ला सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे नियम सल्ल्यासारखे नाही, बंधनकारक करा. माझा नऊ इंचाचा चढ कुठलाही सेन्सर कमी करू शकत नाही.

सध्या मागचा सेट माझ्याच खुर्चीवर आहे, पुढचा त्यांनी परत नेलाय. पावसाळ्यासाठी डबे वॉटरप्रूफ करायचे आहेत आणि दुचाकी गाड्यांच्या स्टँडसारखे बारीक पाइप अल्ट्रासॉनिकला दिसत नाहीत त्यावर काम चालू आहे. पुढच्या टेस्टला मी त्यांना माझ्या ओळखीचा एक दादा सुचवलाय, तो हनुवटीनं जॉयस्टिक चालवतो, त्याला खांद्यावर पण नीट कळत नाही, त्यामुळे कंपन गालाजवळ द्यायचं की नुसता आवाज ठेवायचा आणि बटण कुठे लावायचं हे सगळं त्याच्याबरोबर बसून नव्यानं ठरवावं लागेल. त्याला फोन करून झालाय, तो तयार आहे, फक्त त्याच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत तेवढं झालं की सुरू करू.